खाली या म्हणणारे

मला खाली ये म्हणणारा पहिला माणूस माझा सख्खा काका होता.

पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून, डोक्यावर पॅराग्लायडरचं कापड उघडून मी आमच्या गावावरून पहिल्यांदा उडाले, तेव्हा काका गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. सोबत भावकीतली दहा-बारा माणसं. मी पाचशे फुटांवरून दोन फेऱ्या मारल्या, केळीच्या बागेपलीकडच्या पडीक तुकड्यात उतरले आणि घामाघूम होऊन घरी आले. मला वाटलं होतं, कोणीतरी पाठ थोपटेल. काका म्हणाले, "ठीक आहे गं. पण वर कोण आहे तेच कळत नाही. पुण्याहून कुणी माणूस आणून उडवला असं लोक म्हणतील. जरा खाली ये ना, तोंड दिसू दे."

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. केळी, ऊस, आता पपई. घरात आम्ही गुजरी बोलतो, दारात अहिराणी, आणि शाळेत-कचेरीत मराठी. मी पुण्याला शिकले, तिथेच नोकरीला लागले. कार्यालयातल्या काही जणांबरोबर सुट्टीच्या दिवशी डोंगरावर पॅराग्लायडिंग शिकायला गेले आणि इतर सगळे दोन रविवारांत कंटाळले तरी मी जातच राहिले. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्यांच्याकडेच पुढे पॅरामोटर शिकले. डोंगराची गरज नाही. इंजिन सुरू करायचं, छत्री मागे पसरायची, धावायचं, आणि वीस-पंचवीस पावलांत जमीन सुटते. छत्री हा गावाचा शब्द. मीही आता तोच वापरते. काम घरून करता येऊ लागलं तेव्हा मी इंजिन गाडीत टाकून गावी परत आले, कारण पुण्यात उडायला जागा नव्हती आणि इथे जागाच जागा होती.

पहिल्या महिनाभरात मला 'पंखावाली' हे नाव पडलं. ते प्रेमाने म्हणणारे थोडे होते. बाकीचे म्हणत, बाईला काय जमणार, इंजिनाचं वजन तरी झेपतं का, एक दिवस तारांत अडकेल. आईला लग्नकार्यात बायका गाठून विचारत, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी तोंडाने कोणाला काही बोलले नाही. मी उंची कमी केली. तेच माझं उत्तर होतं. तीनशेवर आले, मग दोनशेवर, मग शंभरावर. शंभरावरून माणसाला तोंड दिसतं. साठावरून मला त्यांची तोंडं दिसायची, आणि बाईला काय जमणार म्हणणाऱ्याचं तोंड उघडं पडलेलं बघण्यात काय मजा असते ते मी इथे लपवणार नाही.

नुसतं खाली उडण्याने लोकांचं समाधान फार दिवस होत नाही. मग मी झोके घ्यायला लागले. उजवीकडे वळायचं, ते वळण पुरं व्हायच्या आत डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, दर खेपेला जास्त. नीट जमलं की एका क्षणी छत्री तुमच्या डोक्यावर नसते, बाजूला असते, आणि तुम्ही तिच्या बरोबरीला पोचलेले असता. हजार फुटांवर हे करताना छत्रीची एक बाजू मिटली तर ती पुन्हा उघडायला वेळ मिळतो. नाहीच उघडली तर राखीव पॅराशूट फेकता येतं. साठ फुटांवर यातलं काहीही करायला वेळ नसतो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाचशेच्या खाली दोनच कामं करायची, चढायचं किंवा उतरायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला हे तोंडपाठ होतं.

माझा एक व्हिडिओ फिरत फिरत सरांपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला.

"कोणाला दाखवत होतीस?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

"ते सगळे खालीच उभे होते ना? छत्री मिटली असती तर कोणावर पडली असतीस?"

"पडले नाही ना, सर."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या उत्तरावर बरेच दिवस खूश होते.

मंडप आणि डीजेचा धंदा करणारा एक जण या काळात माझ्याकडे यायला लागला. शाळेचं स्नेहसंमेलन, उसाच्या गाळपाची सुरुवात, कोणाचं मोठं लग्न, असं काहीही असलं की तो फोन करायचा. मी वरून फुलं टाकायची, दोन-चार झोके घ्यायचे, लोकांच्या डोक्यावरून सूं करून जायचं. हातात माइक घेऊन तो ओरडायचा, "आपल्या मातीतली लेक!" मला ते ऐकू यायचं नाही, पण नंतर व्हिडिओत ऐकताना छाती फुगायची.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर जवळच्याच एका गावी नव्या मैदानाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांना सजवलेल्या बैलगाडीतून मिरवत आणायचं ठरलं होतं. मी सकाळी जाऊन मैदान पायी फिरले. विहिरीच्या मोटारीला गेलेल्या दोन तारा आणि खांबाला ताण देणारी एक तार, तिन्ही कुठे आहेत ते बघून ठेवलं. वारा बघितला. उतरायची जागा ठरवली. गाडीची बैलजोडी झाडाखाली उभी होती, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. मी त्यांच्याबरोबर फोटो काढला. तारा मी मोजल्या होत्या. बैल माझ्या हिशोबातच नव्हते.

मैदानाच्या कडेने धडगावकडच्या डोंगरातून आलेल्या काही पावरा आदिवासी बायका सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. गर्दी जमते तिथे त्या माल घेऊन जीपने खाली येतात. त्यांच्याकडेही मी बघितलं होतं, जसं आपण मैदानाच्या कडेला बसलेल्यांकडे बघतो तसं.

पाहुणे उतरले, नारळ फुटला, मला इशारा झाला. मी चढले, फुलं टाकली आणि मग खाली येऊन झोके सुरू केले. झोक्याच्या तळाशी इंजिनाला पूर्ण जोर द्यावा लागतो, तेव्हा त्याचा आवाज घुमत नाही, किंचाळतो. तिसऱ्या झोक्याला मी अगदी खाली होते. वर येताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मैदानाच्या कडेला हिरवे ठिपके पसरताना दिसले. लोकही तिकडे धावत होते. मला वाटलं, मला जवळून बघायला गर्दी पुढे सरकते आहे. मी त्यांच्यासाठी आणखी एक झोका घेतला.

उतरले तेव्हा मंडपवाला हार घेऊन पळत आला. "एक नंबर, ताई! असं आजलोंग कोनीच देखं नही!" चार-पाच मुली फोटोसाठी भोवती उभ्या राहिल्या. मी हसून फोटो दिले. मग त्यांतल्याच एकीने सांगितलं, "ताई, बैल बुजले ना. गाडी एका बाईच्या पायावरून गेली."

मी हार काढून धावत गेले तोपर्यंत तिला जीपमध्ये घालून शहाद्याला नेलं होतं. सीताफळं सगळीकडे पडली होती, बरीचशी फुटलेली. दुसऱ्या बायका ती गोळा करत होत्या. एकीने माझ्या पाठीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि खाली बघून पुन्हा वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बाई पन्नाशीच्या असतील. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, शस्त्रक्रिया व्हायची होती. त्या फक्त पावरी बोलायच्या. शेजारी त्यांची मुलगी होती, आश्रमशाळेत शिकलेली आणि आता नर्सिंगचं शिकणारी. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं.

बाईंनी माझ्याकडे बघून मुलीला काहीतरी विचारलं.

"आई विचारते, वर होती ती हीच का?"

"हो म्हणून सांग," मी म्हणाले.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग बराच वेळ बोलल्या. आवाज चढवला नाही. मुलगी ऐकत होती, मध्येच तिने ओठ चावला. आईचं बोलणं संपल्यावर तिने मला थोडक्यात सांगितलं.

"आई म्हणते, तुला पडायची भीती वाटत नाही ते तुझं तू बघ. तुझा जीव आहे. पण ती तिथे सीताफळं विकायला बसली होती. तिला कोणी विचारलं होतं?"

मी म्हणाले, "मला माफ करा असं सांग त्यांना."

मुलीने सांगितलं. बाईंनी एक शब्द उच्चारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी त्या गावच्या ग्रामपंचायतीत बैठक बसली. कार्यक्रमाचे दोघे-तिघे पुढारी, मंडपवाला, माझे काका, आबा म्हणजे माझे वडील, आणि मी. टेबलावर एक कागद आधीच लिहून ठेवलेला होता. फटाक्यांच्या आवाजाने बैल बुजले आणि दुर्दैवाने अपघात झाला, असा मजकूर.

"फटाके वाजलेच नव्हते," मी म्हणाले.

मंडपवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, गर्दीना कार्यक्रम, जनावरना काय भरोसा? कागदवर कोन्हंच नाव नही. तुमनं बी नही."

"बैल माझ्या आवाजाने बुजले. मी त्यांच्यावरून पन्नास-साठ फुटांवर होते. तसं लिहा."

काका चिडले. "अगं, तुलाच वाचवतायत ना ही माणसं!"

"मला नाही वाचवत. पुढचा कार्यक्रम वाचवतायत."

यावर सगळे एकदम बोलायला लागले. गावाचं नाव खराब होईल, पोलिसांचं झेंगट लागेल, आधीच पोरीबद्दल लोक काय काय बोलतात, आता तर आयतं कोलीत मिळेल. आबा चारचौघांत फार बोलत नाहीत. त्यांनी तो कागद उचलला, वाचला, घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

"कोरा कागद द्या तिला," ते म्हणाले. "चूक तिची आहे तर अक्षरही तिचंच असू दे."

मी लिहिलं. किती उंचीवर होते, काय करत होते, इतकं खाली मी का यायला नको होतं, सगळं. सही केली. पोलिसांनी नंतर जबाब घेतला तेव्हाही तेच सांगितलं. उपचारांचं मी बघितलं. काही महिन्यांनी ते प्रकरण मिटलं असं लोक म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही, कारण बाई अजून लंगडतात.

यानंतर मी उडणं सोडणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आईने इंजिन खताच्या खोलीत नेऊन ठेवायला लावलं आणि त्यावर रिकाम्या गोण्या टाकल्या. ज्यांनी कधी माझं कौतुक केलं नव्हतं ते आता मायेने बोलायला लागले. झालं ते झालं, आता संसाराचं बघ, बाईमाणसाने कशाला हे धाडस करायचं. त्यांच्या मायेत एक सुटकेचा सूर होता. मला तो नीट ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला मंडपवाल्यासारखे लोक होते, ज्यांच्या मते काहीच घडलं नव्हतं. जनावर बुजतं, बाई तिथे बसायला नको होती, पुढच्या वेळी बैल लांब बांधू, तू आपली ये.

त्या पाच महिन्यांत मी दोन्ही बाजूंशी मनात भांडत होते. सोड म्हणणाऱ्यांचं मला पटत नव्हतं. माझा जीव धोक्यात घालायचा हक्क माझा आहे. तो मी काकांना देणार नाही, सरांनाही देणार नाही, आणि बाई आहे म्हणून तर मुळीच सोडणार नाही. बाप्ये मोटारसायकलवर हात सोडून घाटातून जातात, त्यांना कोणी संसाराचं बघ म्हणत नाही. पण माझा जीव माझा म्हणताना मी ज्यांच्या डोक्यावरून उडत होते त्यांचा जीवही आपलाच समजत होते. त्यांना वाटत होतं हा खेळ आहे. छत्री मिटते म्हणजे काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण ते मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर निम्मे लोक घरी गेले असते आणि उरलेले झाडाखाली जाऊन उभे राहिले असते. त्या मैदानावर धोका बरोबर ओळखला तो दोघांनीच, आणि ते बैल होते.

दरम्यान बाईंना तपासणीसाठी डोंगरातून खाली आणायचं असायचं. ते काम मी माझ्याकडे घेतलं. पहिल्यांदा मुलीने नको म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा जीप मिळाली नाही म्हणून तिनेच फोन केला. मी पहाटे निघून धडगावच्या घाटाने वर जायचे, त्यांना घेऊन खाली यायचे. बाई पुढच्या सीटवर बसायच्या, कारण पाय लांब करता यायचा. माझ्याशी बोलायच्या नाहीत. एकदा परत जाताना त्यांनी मागे बसलेल्या मुलीला काही विचारलं.

"आई विचारते, अजून उडतेस का?"

"अजून नाही. पण उडणार आहे," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"खाली?" तिने विचारलं.

"नाही. माणसांवरून खाली परत कधीच नाही."

मुलीने सांगितलं. बाईंनी ऐकलं, खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही म्हणावं अशी अपेक्षा मी तोपर्यंत सोडून दिली होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी गोण्या बाजूला केल्या, इंजिन पुसलं, प्लग बदलला. कापूस उपटून रिकामी झालेली आमची सहा एकराची पट्टी होती, तिथून उडाले. आई ओट्यावर उभी होती. तिने हाक मारली नाही, थांबवलंही नाही. हजार फुटांवर जाऊन मी चार झोके घेतले. खाली एकही माणूस नव्हतं. उतरले आणि छत्री गोळा करता करता रडले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

हिवाळ्यात मंडपवाला आला. मोठा कार्यक्रम आहे, तुझ्याशिवाय शोभा नाही वगैरे. मी त्याला अटी सांगितल्या. पाचशेच्या खाली येणार नाही. लोक मैदानाच्या एकाच बाजूला, दोरीच्या आत. जनावर एकही नको, घोडा नाही, बैल नाही. मी उतरणार लांब, पलीकडच्या शेतात. तो प्रत्येक अटीला मान हलवत होता. "तुमना नियम, मन्हा शब्द," असं म्हणून गेला.

तिथे पोचले तेव्हा कळलं की त्याने बाहेरगावचा आणखी एक पॅरामोटरवाला बोलावला आहे. तिशीचा असेल, चपळ, हसतमुख. तो आधी उडाला. मी दोरीपाशी उभी राहून बघितलं, आणि खरं सांगायचं तर तो सुरेख उडत होता. माझ्यापेक्षा चांगला. लोकांच्या डोक्यांवरून इतक्या खालून गेला की बायकांनी पदर डोक्यावर घट्ट धरले. झेंड्याच्या दोरीला बुटाने शिवून गेला. मैदान वेडं झालं.

मग मी. पाचशेवर गेले, फेरी घेतली, आठशेवर जाऊन झोके घेतले. खालून ते कसं दिसतं मला माहीत आहे. दोऱ्याला बांधलेलं इवलंसं पाखरू. हेल्मेटच्या आत माझा फोन जोडलेला असतो. तो वाजला.

"ताई, खाले या ना जरा! पब्लिक बोंबली ऱ्हायनी!"

"नाही."

"एकच चक्कर. वीस सेकंद."

"तुम्ही शब्द दिला होता."

"आते लोकेस्ना मूड देखा ना, ताई! ते काय म्हनतीन, बाई घाबरनी?"

"म्हणू दे," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

त्याने ते माइकवरून सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं असेल. मी पलीकडच्या शेतात उतरून, छत्री खांद्यावर टाकून मैदानाकडे चालत आले तेव्हा कॉलेजच्या वयाच्या पोरांचा एक घोळका तालात ओरडत होता, "बाई घाबरनी! बाई घाबरनी!" काही मोठी माणसंही हसत होती.

हेच दोन शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून मी दोन वर्षं साठ फुटांवर उडाले होते. अंगात आग पेटली. टाकीत अर्धं पेट्रोल होतं, छत्री खांद्यावर होती, वारा सरळ होता. त्या पोरांच्या टोप्या उडवून आणणं मला अवघड नव्हतं. मी छत्री खाली टाकली, अर्धी पसरलीही. दोरीच्या पुढे येऊन लोक मैदानात घुसले होते, लहान मुलं बापांच्या खांद्यांवर बसली होती. त्यातला एकही जण दोरीच्या आत जायला तयार नव्हता, कारण आता खरी मजा येणार असं त्यांना वाटत होतं. मी छत्री तशीच सोडली, स्टेजवर गेले आणि मंडपवाल्याच्या हातातून माइक घेतला.

"मी घाबरलेली नाही," मी म्हणाले. "मागच्या वर्षी मी यापेक्षा खाली उडाले होते. बैल बुजले आणि एका बाईचा पाय मोडला. ती अजून लंगडते. तुमच्यातले बरेच जण तिथे होते आणि टाळ्या वाजवत होते. मीही हसत होते."

एवढ्यात माइक बंद झाला. आवाजाच्या पेटीपाशी कोणीतरी बटण फिरवलं होतं. मला उडताना ओरडून बोलायची सवय आहे. उरलेलं मी ओरडून सांगितलं.

"छत्री मिटली तर मी तुमच्या पोरांवर पडेन. तुमची तयारी असेल, त्या पोरांना कोणी विचारलंय? मी खाली येणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी माना वर करा!"

टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ पुढच्या खुर्चीवरून उठले, नातवाला हाताला धरलं आणि दोरीच्या आत जाऊन बसले. बाकी मैदान जागचं हललं नाही. मंडपवाला मला म्हणाला, "तुम्ही माझा कार्यक्रम बुडवला, ताई." अहिराणी सोडून तो शुद्ध मराठीत बोलला, म्हणजे खरंच चिडला होता.

सामान गाडीत भरत होते तेव्हा तो दुसरा पायलट आला. इंजिन चढवायला हात लावला.

"मॅडम, तुम्ही बोललात त्यातलं एकही मला नवीन नाही," तो म्हणाला. "पण वर राहिलो तर पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही."

"मलाही नाही बोलावणार."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. त्याचा राग करणं मला जमलं नाही. तो म्हणजे दोन वर्षांपूर्वीची मीच होते, फक्त जास्त चांगला उडणारा.

त्याला आजपर्यंत काही झालेलं नाही. अजून तसाच खालून उडतो, व्हिडिओ येतात. त्याला काही होऊ नये असंच मला वाटतं. पण त्याला काही झालं नाही म्हणून तो बरोबर आणि मी भित्री, हा हिशोब मला मान्य नाही. माझ्याही कितीतरी फेऱ्या सुखरूप झाल्या होत्या. त्या प्रत्येक फेरीत मी तितकीच चूक होते जितकी त्या दिवशी.

मंडपवाल्याने पुन्हा फोन केला नाही. बाकीचेही थांबले. मधूनमधून कोणी विचारतं, मी अटी सांगते, ते विचार करून कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत. म्हसावदच्या बाजूच्या एका शाळेने मात्र सगळ्या अटी पाळून बोलावलं. तिथे मी आधी तासभर जमिनीवरच होते. छत्री पसरली, तिची एक बाजू हाताने मिटवून दाखवली, उघडायला किती वेळ लागतो तो मुलींकडून मोजून घेतला. सात सेकंद. मग पन्नास फुटांवरून पडायला किती सेकंद लागतात ते त्यांच्याच विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर सोडवून दाखवलं. उत्तर दोनच्या आत आलं. एका मुलीने विचारलं, "मग तुम्ही आधी खाली कशाला उडायच्या?" मी म्हणाले, "लोकांनी मला घाबरट म्हणू नये म्हणून." ती म्हणाली, "आता म्हणतात?" "म्हणतात की." ती वहीत काहीतरी लिहायला लागली. मग मी उडाले, आठशेवर.

परवा आबा आणि मी ओट्यावर चहा पीत होतो. त्यांनी फोनवर माझा जुना व्हिडिओ लावला होता, त्या मैदानाच्याही आधीचा, तापीच्या पाण्यावरून पाय ओढत गेले होते तो. ते बराच वेळ बघत राहिले. मग फोन खाली न ठेवताच म्हणाले, "खाली यायचीस तेव्हा छान दिसायचीस मात्र."

"माहीत आहे, आबा. मलाही तेच सगळ्यात जास्त आवडायचं."

"आठवण येते?"

"रोज येते."

"मग?"

"मग काही नाही. येऊ दे आठवण. मी नाही येणार."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेले.